तीन दारं आणि उघडं गाव

फार्स बसवायचा तर आधी दारं मोजावी लागतात. एका दारानं बायको बाहेर पडली पाहिजे, दुसऱ्यानं प्रेयसी आत आली पाहिजे आणि तिसऱ्या दारामागे सासरेबुवा आंघोळ उरकून कुठल्याही क्षणी प्रकट होतील अशा बेतानं उभे असले पाहिजेत. मधे एक पलंग, एक कपाट, कोपऱ्यात टेलिफोन. एवढ्या सामानावर दोन-अडीच तास माणसं पोट धरून हसतात. रिसोडसारख्या तालुक्याच्या गावी असं नाटक करायला निघालं, की पहिली अडचण दारांचीच येते. गणपतीचा मांडव असो, शाळेचं मैदान असो की मंगल कार्यालयातला स्टेज, वाट्याला येतो तो तीन बाजूंनी कापड लावलेला ओटा. त्याला विंगा असतात, दारं नसतात.

गंमत पुढेच आहे. ज्या गावात रंगमंचाला दार मिळत नाही, त्या गावातल्या घरांची दारं दिवसभर सताड उघडी असतात. शेजारच्या काकू विरजण मागायला आल्या तर कडी वाजवत नाहीत, थेट स्वयंपाकघरात येतात आणि येता येता बैठकीत कोण बसलंय ते पाहून घेतात. कुणाची मोटारसायकल दुपारी कुठल्या गल्लीत उभी होती, कुणाची मुलगी वाशीमच्या एसटीत कुणाच्या शेजारी बसली, हे दिवेलागणीपर्यंत ज्याला त्याला ठाऊक झालेलं असतं. अशा गावात प्रेमात पडलेल्या माणसाला जे जे करावं लागतं, म्हणजे खोटं निमित्त काढणं, फोनमध्ये तिचा नंबर मित्राच्या नावानं ठेवणं, ऐन वेळी मागच्या अंगणातून सटकणं, ते सगळं फार्सच्या पहिल्या अंकात आधीच लिहून ठेवलेलं असतं. म्हणून माझं म्हणणं असं, की मराठी फार्स मुंबईच्या दिवाणखान्यात वाढला असला तरी त्यातल्या प्रेमाची अडचण तालुक्याच्या गावची आहे. हे पुस्तक त्या एकाच म्हणण्याच्या पाठीमागे लागून लिहिलेलं आहे. प्रस्तावनेत त्याची पार्श्वभूमी सांगतो.

आधी गावाविषयी. रिसोड हे वाशीम जिल्ह्याच्या पश्चिमेकडचं तालुक्याचं ठिकाण. एका बाजूला बुलढाणा जिल्ह्यातला लोणार-मेहकरचा मुलूख, दुसऱ्या बाजूला हिंगोलीतला सेनगाव. वऱ्हाड इथे संपत येतो आणि मराठवाडा सुरू होतो, त्यामुळे बोलण्यातही दोन्हीकडचे सूर मिसळलेले. १ जुलै १९९८ ला वाशीम जिल्हा वेगळा झाला; त्याआधी हा सगळा भाग अकोला जिल्ह्यात होता. गावाचं जुनं नाव ऋषिवट असं सांगतात. टेकडीवरची पिंगळाक्षी देवी, अमरदास बाबांचं संस्थान आणि तालुक्यातल्या लोणीची सखाराम महाराजांची यात्रा ही इथली मोठी गर्दीची ठिकाणं. रेल्वे वाशीमपर्यंत येते. पुढचा सगळा कारभार एसटीचा आणि स्वतःच्या गाडीचा. पैशाचं वर्ष सोयाबीन ठरवतं. दसरा-दिवाळीच्या सुमारास माल मोंढ्यावर जातो, हाती थोडा पैसा खुळखुळतो, हवा थंड होते आणि मग माणसांना करमणुकीची आठवण होते.

ही करमणूक नाटकाची असेल, तर मुंबई-पुण्याच्या नाटकाची बस अकोल्याला थांबते, अमरावतीला थांबते, नागपूरला तर थांबतेच. अकोल्याचं प्रमिलाताई ओक सभागृह रिसोडपासून शंभरेक किलोमीटरवर आहे. म्हणजे रात्री साडेनवाचा प्रयोग पाहायचा तर दुपारी निघायचं आणि पहाटे परत यायचं. नवराबायकोला तिकिटापेक्षा गाडीभाडं जड जातं. तरुण पोरापोरींना त्याहून मोठी पंचाईत असते, ती म्हणजे बरोबर कोण येणार? ही पंचाईत लक्षात ठेवा. शंभर वर्षांचा प्रेमाचा फार्स तिच्यावरच उभा आहे.

'मोरूची मावशी' घ्या. आचार्य अत्र्यांनी १९४७ मध्ये हे नाटक ब्रँडन थॉमस या इंग्रज लेखकाच्या 'चार्लीज आंट' वरून केलं. मूळ नाटक १८९२ चं. लंडनमध्ये त्याचे ओळीनं १,४६६ प्रयोग झाले होते. कथेचा खिळा एवढाच: कॉलेजातल्या दोन पोरांना आपल्या आवडत्या मुलींना जेवायला बोलवायचं आहे. मुली एकट्या येऊ शकत नाहीत. कुणीतरी वडीलधारी बाई घरात हवी. मावशी येणार होती ती येत नाही, म्हणून तिसऱ्या मित्राला लुगडं नेसवून मावशी करतात. मग त्या मावशीच्या श्रीमंतीवर डोळा ठेवून म्हातारे तिच्या मागे लागतात आणि शेवटी खरी मावशी दारात उभी राहते. मुंबईत १९८५ साली विजय चव्हाणांची मावशी रंगमंचावर आली आणि तिनं पुढे वर्षानुवर्षं महाराष्ट्र हसवला. त्या काळच्या मुंबईत मुलीला मित्राच्या खोलीवर जायला मावशी लागत नव्हती. प्रेक्षक एका जुन्या काळावर हसत होता. पण तोच प्रयोग तालुक्याच्या गावी लागला, की पुढच्या दोन रांगांतल्या पोरींना त्यात जुनं काही वाटत नाही. त्या स्वतःच आत्या, वहिनी, धाकटा भाऊ अशी पलटण घेऊन नाटकाला आलेल्या असतात. 'चार्लीज आंट' मधल्या व्हिक्टोरियाकालीन इंग्लंडाला आणि आजच्या रिसोडला जोडणारा हा पूल कुठल्याही समीक्षकानं बांधलेला नाही. तो त्या आत्याबाईंनी बांधलेला आहे.

पुरुषानं लुगडं नेसून मावशी होणं हेही इथल्या माणसाला नवीन नव्हतं. तमाशाच्या गौळणीत पुरुषच मावशी होतो, पेंद्या तिची फिरकी घेतो, कृष्ण वाट अडवतो. वग सुरू होण्याआधीच प्रेक्षक हसून सैल झालेला असतो. पुढे १९६५ मध्ये वसंत सबनीसांच्या 'विच्छा माझी पुरी करा' नं आणि दादा कोंडक्यांनी हा माल शहरी नाट्यगृहात नेला. म्हणजे अत्र्यांची मावशी विलायतेहून आली असली, तरी खेड्यातल्या प्रेक्षकानं तिला घरच्यासारखंच ओळखलं.

आता थोडा इतिहास, कारण त्याशिवाय फार्स ही कुणाची तरी उचलेगिरी वाटते. नाट्यशास्त्रानं रूपकाचे दहा प्रकार सांगितले, त्यांत प्रहसन एक. सातव्या शतकात पल्लव राजा महेंद्रवर्म्यानं 'मत्तविलास' लिहिलं. त्यात दारू पिऊन झिंगलेला कापालिक आपली हरवलेली कवटी शोधत कांचीच्या रस्त्यावर भल्याभल्यांवर चोरीचा आळ घेतो. कवटी मात्र कुत्र्यानं पळवलेली असते. संशय आधी, पुरावा नंतर आणि चोर तिसराच, हा साचा तेव्हापासून बदललेला नाही. मोलिएरनं १६६० मध्ये 'स्गानारेल' या छोट्या नाटकात तोच साचा नवराबायकोला लावला. त्यावरून आर्थर मर्फीनं १७६१ मध्ये 'ऑल इन द राँग' लिहिलं आणि मर्फीवरून गोविंद बल्लाळ देवलांनी आधी 'फाल्गुनराव' हे गद्य नाटक केलं. त्यालाच पदांची जोड देऊन झालं 'संशयकल्लोळ'. गंधर्व नाटक मंडळीनं ते १९१६ मध्ये रंगभूमीवर आणलं. देवल त्याच वर्षी जूनमध्ये वारले होते.

'संशयकल्लोळ' ची पहिली गाठ कशी बसते ती जवळून पाहण्यासारखी आहे. रेवती उन्हानं घेरी येऊन रस्त्यात पडते. फाल्गुनराव तिला सावरतो. घरातून बायको कृत्तिका हे पाहते: आपला नवरा भररस्त्यात परक्या तरुणीला धरून! ती तरातरा खाली येते, तोवर रेवती निघून गेलेली असते. पण तिच्या हातातून अश्विनशेटची तसबीर तिथे पडलेली असते. कृत्तिका ती उचलून पाहते. नेमका तेवढ्यात फाल्गुनराव येतो आणि त्याला दिसतं: आपली बायको परक्या पुरुषाची तसबीर हातात घेऊन उभी! दोघांनी जे पाहिलं ते खरं आहे. कुणीही खोटं बोललेलं नाही. तरी दोघांचा निष्कर्ष साफ चुकीचा आहे आणि पुढचं सगळं नाटक त्या दोन खऱ्या दृश्यांच्या चुकीच्या बेरजेवर चालतं. मोलिएरच्या पॅरिसपासून देवलांच्या महाराष्ट्रापर्यंत तसबीर तेवढी हातोहात आली. आज तिच्या जागी रस्त्यात पडलेला मोबाइल ठेवा. त्याच्या पडद्यावर एक फोटो आणि दोन न वाचलेले मेसेज असू द्या. एकाही पात्राचा स्वभाव न बदलता नाटक तसंच धावेल. मोबाइल आल्यामुळे गैरसमजाचा धंदा बुडाला असं मानणाऱ्यांनी कुटुंबाच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर चुकून गेलेला एक मेसेज आठवावा.

या इतिहासात वऱ्हाडाची हजेरी आहे, हे आपल्याकडेच फारसं कुणी सांगत नाही. श्रीपाद कृष्ण कोल्हटकर जन्मले नागपुरात, १८७१ साली. वकिली केली ती खामगाव आणि जळगाव-जामोद इथे. म्हणजे रिसोडहून सकाळी निघालेला माणूस संध्याकाळच्या आत पोचेल इतक्या जवळ. किर्लोस्कर मंडळीनं त्यांचं 'वीरतनय' १८९६ मध्ये केलं. पुराणकथांवर पोसलेल्या मराठी रंगभूमीला त्यांनी कल्पित कथानकं दिली. वेशांतर, चुकलेल्या ओळखी, प्रेमिकांच्या अडचणी आणि कोटीवर कोटी यांनी ती भरलेली होती. 'सुदाम्याचे पोहे' लिहिणारा हा विनोदकार गडकऱ्यांचा गुरू. गडकऱ्यांनी 'प्रेमसंन्यास' मध्ये विसरभोळा गोकुळ उभा केला, त्याच्या मागे ही तालीम आहे. आणि त्या गडकऱ्यांनी २३ जानेवारी १९१९ ला देह ठेवला तोही विदर्भातच, नागपूरजवळच्या सावनेरला. प्रेमाचा गोंधळ घालणारी मराठी नाटकं वऱ्हाडातल्या एका वकिलाच्या टेबलावर लिहिली जात होती. तेव्हा हा प्रकार आमच्या मातीतला नाही, असं निदान आम्ही तरी म्हणू नये.

पुढची पिढी अत्र्यांची. 'साष्टांग नमस्कार' १९३३, 'लग्नाची बेडी' १९३६. सूर्यनमस्काराच्या नादानं झपाटलेला रावबहादूर किंवा नटीच्या मागे खुळावलेले विवाहित पुरुष ही माणसं प्रेक्षकांनी आपापल्या गल्लीत पाहिलेली होती. त्यानंतर बबन प्रभू लिहायला आणि आत्माराम भेंडे बसवायला लागले, तेव्हा फार्सला त्याची खरी गती मिळाली. 'झोपी गेलेला जागा झाला' आणि 'दिनूच्या सासूबाई राधाबाई' ही नावं पन्नाशी-साठीच्या घरातल्या माणसाला आजही उच्चारताच हसू आणतात. महाराष्ट्रातल्या हौशी मंडळांनी, बँकांच्या आणि वीज मंडळाच्या कर्मचाऱ्यांनी स्नेहसंमेलनात जी नाटकं केली, त्यांत यांचा वाटा मोठा. आणि १९९३ च्या अखेरीस देवेंद्र पेमचं 'ऑल द बेस्ट' आलं. एक आंधळा, एक बहिरा, एक मुका. तिघे मित्र एकाच खोलीत राहतात आणि एकाच मुलीच्या प्रेमात पडतात. भरत जाधव, अंकुश चौधरी, संजय नार्वेकर यांना त्यानं घराघरांत पोचवलं. या नाटकाला दारं फारशी लागत नाहीत. इथे कपाटामागे काही दडवायचं नसतं, स्वतःच्या शरीरातलं व्यंगच दडवायचं असतं. म्हणून कॉलेजच्या पोरांना ते कुठल्याही ओट्यावर करता आलं. आमच्या भागातली पोरं विनोदाकडे वळतात ती बहुतेक याच वाटेनं. संत गाडगेबाबा अमरावती विद्यापीठाच्या युवा महोत्सवात एकांकिका आणि प्रहसन असे दोन्ही गट असतात. पाच जिल्ह्यांतली कॉलेजं तिथे भिडतात आणि त्या आठ-दहा मिनिटांच्या प्रहसनात पोरांना पहिल्यांदा कळतं, की हशा येणं आणि हशा आणणं यांत फरक आहे.

पूर्व विदर्भाची गोष्ट वेगळी. वडसा-देसाईगंजच्या आसपास झाडीपट्टी रंगभूमीचा हंगाम दिवाळीनंतर उभा राहतो, शंकरपटाच्या, म्हणजे बैलांच्या शर्यतींच्या, निमित्तानं रात्र-रात्र नाटकं चालतात, नटाचं पोट त्यावर भरतं. झाडीपट्टीत गाजलेले विनोदी नट परशुराम खुणे यांना २०२३ मध्ये पद्मश्री मिळाली. पश्चिमेकडच्या वाशीम-रिसोडला असा हंगाम नाही. इथे नाटक सणावारी होतं, उधारीवर होतं आणि हौसेवर होतं. पुढची चर्चा या तिसऱ्या प्रकाराविषयी आहे.

उघड्या मैदानावरचा फार्स पाहिल्याशिवाय या प्रकाराचं गणित कळत नाही. बंद नाट्यगृहात हशा छताला लागून परत येतो आणि नटाला आधार देतो. मैदानात तो निसटून जातो. पुढच्या सतरंजीवरचे आधी हसतात. मागे मोटारसायकलींवर बसलेल्या पोरांपर्यंत वाक्य कर्ण्यातून पोचतं, त्यांचा हशा क्षणभर उशिरा येतो आणि तोवर नटानं पुढचं वाक्य टाकलं असेल तर तेही वाया, हशाही वाया. अनुभवी माणूस इथे थांबतो: पाणी पितो, उपरणं झटकतो, रिकाम्या खुर्चीला नमस्कार करतो, पण बोलत नाही. शहरात ज्या नटाला टायमिंग आहे असं म्हणतात, त्यालाही मैदानात ते नव्यानं शिकावं लागतं.

दाराचंही तसंच. अशाच एका हौशी प्रयोगात मी विंगेत उभा होतो. सुतारानं बनवलेल्या तीन चौकटी रंगवलेल्या फ्लॅट्सना बांधल्या होत्या. दार आपटलं की अख्खी भिंत हले आणि दिवाणखान्यावरचं गणपतीचं कॅलेंडर तिरकं होई. तोल धरायला वाळूची पोती हवी होती, ती कुणी आणली नव्हती. मग शेजारच्या दुकानातून सोयाबीनचे कट्टे आणून चौकटीमागे टेकवले. नायकाला सांगितलं, की चिडून दार आपटायचं ते एका हातानं, दुसऱ्या हातानं चौकट धरून. त्यानं तसं केलं आणि प्रेक्षकांना वाटलं, हा रागातसुद्धा किती जपून वागतोय, बायकोला भितोय वाटतं! त्या जागेला जो हशा आला तो लेखकाच्या संहितेत नव्हता. पुढच्या प्रयोगांत नायकानं तो मुद्दाम ठेवला.

त्याच रात्री आणखी एक झालं. नायक पलंगाखाली, नवरा खोलीत. पुरुषांच्या बाजूनं कुणीतरी ओरडलं, "पलंगाखाली हाय थो! खाली पाह्य ना!" फार्सच्या प्रयोगात हे व्हायचंच. प्रेक्षकाला पात्रांपेक्षा जास्त माहीत असतं आणि जास्त माहिती पोटात ठेवणं गावाच्या स्वभावात नसतं. पण दुसऱ्याच क्षणी बायकांच्या बाजूनं एक खणखणीत आवाज आला, "चूप राह्य ना भाऊ! तू कायले सांगून रायला त्याले?" सगळं मैदान हसलं. नवरा झालेला नटही हसला. पाठ फिरवून त्यानं सावरलं. मला तेव्हा वाटलं, की फार्स म्हणजे काय ते या बाईनं नेमकं सांगितलं. तिच्या उभ्या आयुष्यात तिनं पलंगाखाली लपलेल्या माणसाची बाजू कधी घेतली नसेल. त्या रात्री घेतली.

फार्सचं यंत्र चालतं ते या बाजू बदलण्यावर. लेखक प्रेक्षकाला पहिल्या दहा मिनिटांत सगळं गुपित सांगून टाकतो. रहस्यकथेत लेखक लपवतो, इथे तो उघड करतो. कोण खोटं बोलतंय, का बोलतंय, खरं कळलं तर काय होईल हे सगळं आपल्याला ठाऊक. मग एक खोटं झाकायला दुसरं, दुसरं झाकायला तिसरं. प्रत्येक खोट्याला तेवढ्यापुरतं सबळ कारण हवं. मूर्खपणानं केलेली चूक एकदा चालते, दुसऱ्यांदा प्रेक्षक कंटाळतो. पात्रांनी जीव तोडून, अगदी गंभीरपणे धावलं पाहिजे. नट स्वतःच 'बघा कसा विनोद करतोय' अशा नजरेनं प्रेक्षकांकडे पाहू लागला, की ती हवा गेली. आणि गुंता सुटताना तो वेगानं सुटला पाहिजे. हौशी प्रयोग बहुधा इथेच फसतात: सगळ्यांना शेवटच्या प्रवेशात भाषण करायचं असतं.

प्रेमाचा फार्स निव्वळ घोटाळ्याच्या फार्सपेक्षा एका बाबतीत अवघड. त्यात ते दोघं एकमेकांना खरोखर हवे आहेत, हे आपल्याला पटावं लागतं. अश्विनशेटचं रेवतीवर मन नसतं, तर तसबीर रस्त्यात पडली काय आणि न पडली काय, आपल्याला सोयरसुतक नव्हतं. धावपळीत ही जाणीव टिकवायला दोन-तीन शांत क्षण लागतात. संगीत नाटकाची सोय अशी, की तिथे पद यायचं. आजच्या लेखकाला ती जागा संवादात शोधावी लागते. पुस्तकातलं सगळ्यात लांब प्रकरण या शांत जागांविषयी आहे, हे पाहून काहींना आश्चर्य वाटेल. वाटू द्यावं.

या प्रकाराची पापंही मोजली पाहिजेत. बायको म्हणजे कजाग, सासू म्हणजे राक्षसीण, जाड माणूस म्हणजे खादाड, बोलीभाषा बोलणारा म्हणजे गडी, या ठरीव मुखवट्यांवर मराठी विनोदानं फार दिवस पोट भरलं. वऱ्हाडी बोलणारं पात्र मुंबईच्या नाटकात कोणत्या कामाला येतं, हे पाहिलं की आमच्याकडच्या प्रेक्षकाचं हसू थोडं आखडतं. व्यंगावरच्या विनोदाचा प्रश्न 'ऑल द बेस्ट' नंतर अनेकांनी विचारला आणि तो रास्त आहे. त्या नाटकात तिघे एकमेकांची उणीव भरून काढतात तिथे आपण त्यांच्याबरोबर हसतो. इतर ठिकाणी कधी कधी त्यांना हसतो. बसवणाऱ्यानं हे दोन हशे वेगळे ओळखायला हवेत. द्वयर्थी विनोदाबद्दल एवढंच सांगतो: मैदानात तीन पिढ्या एका सतरंजीवर बसतात. ज्या वाक्याला आजी-नातीला एकमेकींकडे न पाहता हसावं लागतं, ते वाक्य कापलं तर नाटकाचं काही बिघडत नाही.

आता पुस्तकाच्या रचनेविषयी. पहिल्या भागात 'संशयकल्लोळ' पासून 'ऑल द बेस्ट' पर्यंतच्या नाटकांची बांधणी उलगडून दाखवली आहे, कोण कुठल्या दारानं येतं आणि का, या अंगानं. दुसरा भाग करणाऱ्यांसाठी आहे: कमी खर्चाचं नेपथ्य, उघड्यावरचा आवाज, स्त्री-भूमिका, तालमींची आखणी. तिथे दोन रूक्ष गोष्टीही सांगितल्या आहेत, कारण ऐन वेळी त्याच आडव्या येतात. लेखकाची किंवा त्याच्या वारसांची परवानगी आणि मानधन आधी. संहिता रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळाकडून मंजूर झालेली हवी, हेही आधी. पोस्टर छापल्यावर या गोष्टी आठवल्या तर बाहेरच एक फार्स सुरू होतो. १९५४ पासून चालत आलेल्या राज्य नाट्य स्पर्धेत उतरायचं असेल, त्यांनी अकोला-अमरावतीच्या केंद्रांवर आधी प्रेक्षक म्हणून दोन-चार रात्री काढाव्यात. पडणारी नाटकं पडतात कशी हे तिथे फुकट शिकायला मिळतं. तिसरा भाग पाहणाऱ्यांसाठी. नाटकाला जाणं ही एका संध्याकाळची तयारी असते, कुणाबरोबर जायचं यापासून ती सुरू होते आणि परतीच्या रस्त्यावरच्या चर्चेत संपते, हे धरून तो लिहिला आहे.

हा खटाटोप कशासाठी, असं कुणी विचारील. फार्सनं समाज सुधारत नाही. दुसऱ्या दिवशी गल्ली तीच, पाळत ठेवणारे डोळे तेच. मैदानात ओरडून प्रेमिकाला वाचवणारी बाई स्वतःच्या पुतणीला एसटी स्टँडवर कुणाशी बोलताना पाहील, तर बहुधा घरी सांगेलच. तरीही त्या दोन तासांना किंमत आहे असं मला वाटतं. एरवी ज्या गावाचं काम पाहणं, बोलणं आणि सांगणं हे असतं, ते अख्खं गाव तेवढा वेळ गुपित राखायच्या बाजूला बसतं. गुरुजी, दुकानदार, आत्याबाई, सगळ्यांना मनापासून वाटत असतं, की पलंगाखालचा पोरगा सापडू नये. भाषणानं, निबंधानं किंवा कायद्यानं हे एका रात्रीत होत नाही. आणि एकदा त्या बाजूला बसून पाहिलेल्या माणसाला ती जागा निदान माहीत तरी होते.

नाट्यगृह नाही म्हणून थांबलेल्या मंडळींना शेवटचं एक. आधी तीन दारं करून घ्या. लाकूड जुनं चालेल, बिजागऱ्या नव्या हव्यात, कड्या न वाजणाऱ्या हव्यात. संहिता, परवानगी आणि मावशी व्हायला तयार असलेला एक निर्लज्ज मित्र एवढं जमलं, की सोयाबीन घरात आल्यावर तालमी सुरू करायला हरकत नाही.